उजव्या खिशाचा सदरा

मोती तलावावरचा फोटो एकदाचा जमला. त्यात देवानंददादानं पोट आत ओढून धरलं होतं, हे त्याच्या लेकीनं, पायलनं, तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी दादाचे बाबा त्याच काठावर उभे राहिले तेव्हा त्यांना ओढून धरावं असं पोटच नव्हतं. दादाचं म्हणणं, जुने फोटो पाहिजेत तर माणसंही जुनीच आणायची होती, त्रेपन्न वर्षांच्या कारकुनाला उन्हात उभं करायचं नव्हतं.

त्याआधी स्टेशनावर त्याच्या आईनं, गिरिजाबाईंनी, तासभर घोळ घातला होता. स्टेशनावरच्या जुन्या फोटोत त्या बाकावर रुसून बसल्या आहेत आणि बाबा ट्रंकेवर पाय ठेवून भलतीकडेच बघताहेत. पायल म्हणाली, आजी, अगदी तसंच तोंड कर. गिरिजाबाई म्हणाल्या, कशावरून रुसले होते ते आठवू दे आधी, बिनाकारणी रुसायला मी काय नाटकात हाये का. परभणीकडची गाडी येऊन गेली तरी कारण काही आठवेना. मग दादाच्या धाकट्या बहिणीनं, रूपालीनं, आईच्या हातातली सुपारीची डबी काढून घेतली आणि तोंड आपोआप हवं तसं झालं.

ही सगळी पायलची कल्पना. येत्या रविवारी बाबांचा दहावा स्मृतिदिन होता. संभाजीनगरच्या घरी नातेवाईक जमणार, भन्तेजी येणार. बाबांचे जालन्यातले तीन जुने फोटो आणि प्रत्येकाशेजारी त्याच जागेवर काढलेला नवा, अशा चौकटी तिला भिंतीवर लावायच्या होत्या. रूपाली त्यासाठी शाळेत एक दिवसाची रजा टाकून परतूरहून आली होती. पण खरं सांगायचं तर तलावाशी आणि स्टेशनाशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिचा जीव तिसऱ्या फोटोत होता.

तिसरा फोटो जुन्या कचेरीसमोरचा. बाबा, म्हणजे राजानंद अर्जनवीस, तीस वर्षं तिथं कडुलिंबाखाली टेबल मांडून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. सातबाऱ्यावरचं नाव चुकलं, पेन्शन अडकली, भावानं बांध सरकवला, की माणूस आधी त्यांच्यापुढे येऊन बसे आणि मग साहेबापुढे जाई. फोटोत ते टेबलावर वाकून लिहिताहेत, पेन डाव्या हातात. घड्याळ उजव्या मनगटावर. सदऱ्याचा खिसासुद्धा उजव्या छातीवर, कारण डावखुऱ्या माणसाला खिसा उजवीकडेच लागतो आणि तो एक सदरा बाबांनी तसा शिवून घेतला होता, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबा एरवी उजव्या हातानं लिहीत आणि घड्याळ डाव्या मनगटावर बांधत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचीही गोष्ट होती. लहानपणी मास्तरांनी छड्या मारून त्यांचा हात बदलला. पण दुपारी उजवा हात भरून आला आणि आसपास कुणी नसलं की ते हळूच घड्याळ उजव्यात बांधून पेन डाव्यात घ्यायचे, आणि नेमक्या अशाच एका दुपारी स्टुडिओवाल्या राधेश्यामनं तो फोटो टिपला. दोघा भावंडांत डावखुरी एकटी रूपाली. तिला हात बाबांचा आला, असं म्हणत ती मोठी झाली. शाळेच्या गणवेशाला तिनं हट्टानं उजवीकडे खिसा शिवून घेतला होता. आता एकोणपन्नासाव्या वर्षीही घड्याळ उजव्या हातात घालायची, आणि वर्गात एखादं पोर डाव्या हातानं लिहिताना बिचकलं, की त्याला राजानंद अर्जनवीसांची गोष्ट ऐकवायची. अक्षर म्हणाल तर दादाचं हुबेहूब बाबांसारखं होतं. तरी बाबांचं शाईचं पेन रूपालीलाच मिळालं, कारण हात तिचा होता.

म्हणून कचेरीच्या फोटोत बाबांच्या खुर्चीत आपणच बसणार, यात तिला शंका नव्हती. दादाला मात्र सकाळपासून त्या फोटोचं नावच नको होतं. आधी म्हणाला, ऊन फार झालं. मग म्हणाला, आईला दगदग झाली. तलावावरून निघाल्यावर म्हणाला, दोन फोटो झाले, तीन कशाला, गरम भजे खाऊ आणि जल्दी घरी जाऊ.

"दादा, तुला खुर्चीत बसायचंय का? तसं सांग ना सरळ," रूपाली म्हणाली.

"मला काय करायचंय खुर्चीत बसून? हापिसात जन्मभर खुर्चीतच बसून राह्यलो."

"मंग कशाला आडवा येऊन राह्यला?"

दादा गाडीच्या काचेवरची धूळ पुसायला लागला. मनातून जळतो मेला, रूपालीला वाटलं, आणि त्या वाटण्यात तिला थोडी मजाही आली.

खरं नवल आईचं. गिरिजाबाई आणि दादा यांचं चहात साखर किती यावरसुद्धा कधी एकमत झालेलं नव्हतं. आज मात्र त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "देवा म्हणतो ते बराबर हाये. भजेच खाऊ." पायलनं आरशातून आत्याकडे बघितलं. आत्यानं भुवया उंचावल्या. आजी आणि पप्पा एका बाजूला, म्हणजे आत्या आणि आपण दुसऱ्या, हे पायलला न सांगता कळलं. तिनं गाडी भज्यांच्या वासाकडे न वळवता कचेरीकडे घेतली.

जुन्या कचेरीत आता कचेरी उरली नव्हती. इमारत कुलूपबंद होती आणि समोर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन अशी दुकानं लागली होती. पण दगडी कमान होती, तिचा एक कोपरा फुटलेला होता तसाच होता, आणि कडुलिंब होता. झाडाखालच्या झेरॉक्सवाल्यानं, संपतनं, गिरिजाबाईंना ओळखलं. तो तिथं मोठा झालेला, आता साठीला आलेला माणूस. काकू म्हणत त्यानं पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःच्या दुकानातलं टेबल-खुर्ची बाहेर काढून दिली, आणि चहा सांगितला. राजानंदकाकांनी त्याच्या आईच्या पेन्शनचा अर्ज कसा लिहिला होता, ते चहा येईपर्यंत त्यानं दोनदा सांगितलं.

पायल जुना फोटो मोबाइलवर काढून रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. एका रिक्षावाल्यानं तिला थांबून पत्ता विचारला, कारण ती इतकी हरवल्यासारखी दिसत होती.

"आत्या, काहीतरी गडबड आहे. फोटोत झाड कमानीच्या उजवीकडे आहे. इथं डावीकडे आहे."

रूपालीनं बघितलं. खरंच होतं.

"ते झाड तोडलं," दादा ताबडतोब म्हणाला. "रस्ता रुंद केला तव्हा. हे नवं लावलं."

नवं झाड दोन माणसांच्या कवेत मावलं नसतं. संपत चहाचा कप हातात धरून त्या झाडाकडे आणि मग दादाकडे बघत राहिला. म्हणाला, देवाभाऊ, हे झाड माझ्या बापाच्या लहानपणीपासून हाये, तुमचे बाबा ह्याच्याच बुडाशी बसत व्हते.

"मंग कमान हलवली असंल," दादा म्हणाला.

"हा, हलवली असंल," गिरिजाबाई म्हणाल्या.

दगडी कमान कुणी, कशी आणि कशाला हलवली असेल, यावर संपतनं आपलं मत द्यायला सुरुवात केली. पायलनं मात्र कुणाकडे लक्ष दिलं नाही. तिनं मोबाइलवर बोटानं काहीतरी केलं आणि स्क्रीन वर धरली.

"हे बघा. फोटो उलटा केला, आरशात दिसतो तसा. आता सगळं जुळतंय. झाड, कमान, तो फुटका कोपरासुद्धा. छापतानाच उलटा छापलाय हा."

रूपाली तिच्या खांद्यावरून डोकावली. जुळत होतं. झाड डावीकडे आलं होतं, कमान उजवीकडे. घड्याळ डाव्या मनगटावर गेलं होतं, जगातल्या सगळ्या माणसांसारखं. खिसा डाव्या छातीवर होता, जिथं शिंपी तो लावतात. आणि बाबा उजव्या हातानं लिहीत होते.

तिनं स्वतःच्या उजव्या मनगटावरचं घड्याळ चाचपलं. पायलच्याही लक्षात आलं तेव्हा तिनं पटकन मोबाइल छातीशी धरला, जणू तसं केल्यानं दिसलेलं परत जाणार होतं.

"मोबाइलचं काय खरं हाये," दादा म्हणाला. "त्यात माणूस कसाबी दिसतो."

रूपाली संपतच्या खुर्चीत बसली. बाबांच्या जागेवर बसतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिला आधी फोटो आठवला नाही. बाबांचं शेवटचं वर्ष आठवलं. अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. ती परतूरहून दर शनिवारी यायची आणि त्यांच्या डाव्या हातात पेन द्यायची. बाबा, तुमचा खरा हात हाच आहे, सुटलेली सवय आहे, येईल परत, म्हणायची. आणि बाबा मान हलवून, घाम येईपर्यंत, कागदावर रेघा ओढायचे. तीन महिन्यांनी त्यांनी एकदा 'रूपाली' असं काहीतरी लिहिलं, वेलांटी काना सगळं एकमेकांत घुसलेलं, आणि तिनं घरभर नाचून सांगितलं, बघा, हात विसरत नाही. आता तिला कळलं की त्या हातानं आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं होतं. त्या माणसाला मी काय छळलं, असं वाटून तिचे कान गरम झाले, आणि त्याच्या मागोमाग राग आला.

"मला खोटं सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "जन्मभर. आई, तुला माहीत होतं?"

गिरिजाबाईंनी सुपारीची डबी उघडली, बंद केली. मग काठी टेकत त्या टेबलापाशी आल्या आणि अर्ज द्यायला आलेल्या बाईसारख्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"सांगते. मधीमधी बोलू नको," त्या म्हणाल्या. "तू दुसरीत व्हतीस. डाव्या हातानं लिव्हते म्हणून गुरुजीनं पट्टी उभी धरून तुझ्या बोटावर मारली. घरी आलीस आन् हात फ्रॉकात लपवून बसलीस. चार दिस शाळेत गेली न्हाईस. जेवायलाबी हात बाहेर काढंनास. उजव्यानं जमत न्हाई, डाव्याची लाज वाटती. मीच भरवलं तुला, घोड्याएवढ्या पोरीला. म्हणायचीस, माझा हात खराब हाये, आपल्या घरात कुणाचाच असा न्हाई."

रूपालीला बोटांवरचा मार आठवत होता. हात खराब आहे असं म्हटल्याचं आठवत नव्हतं.

"तुझे बाबा शाळेत जाऊन गुरुजीला काय बोलायचं ते बोलून आले. पण तुला किती समजावलं तरी तू ऐकंनास. ते म्हणले, मीबी लहानपणी डावखुरा व्हतो. तू म्हणलीस, खोटं. तव्हा ते म्हणले, बराबर हाये पोरीचं, पुरावा लागतो. ह्या राधेश्यामनं ह्यांचा एक फोटो काढून ठेवल्ता, कापी न्यायची राहून गेल्ती. त्याच्याकडं गेले. म्हणले, ती फिल्लम पालथी घालून छाप. तो म्हणला, काका, उलटा येईल. हे म्हणले, उलटाच पाहिजे."

झाडाखाली संपतचं झेरॉक्स यंत्र घरघरत होतं, ते त्यानं जाऊन बंद केलं.

"तीस साल लोकायचे अर्ज लिव्हले त्या माणसानं," गिरिजाबाई म्हणाल्या. "एक अक्षर खोटं लिव्हायला तयार व्हत नसत. गिऱ्हाईक परत गेलं तरी चाललं. जन्मात एकच खोटा कागद केला, तो तुझ्यासाठी केला. आन् मंग मरस्तोवर निभावला. आता तुला राग येत असंल तर येऊ दे. मला तव्हाबी त्यांचा लई अभिमान वाटल्ता, आताबी वाटतो."

राग कुठं गेला ते रूपालीला समजलं नाही. ती रडायला लागली, भर रस्त्यात, आणि शेजारच्या दुकानातल्या दोन बायका ऑनलाइन फॉर्म अर्धवट टाकून बघायला आल्या. आजवर ती म्हणत आली होती की हात तिला बाबांकडून आला. रक्तातून काही आलंच नव्हतं. त्यांनी तो तिला स्टुडिओत जाऊन, सांगून, करून आणून दिला होता.

पायलनं तिला पाणी दिलं. पाणी पिताना तिला एक गोष्ट खटकली.

"एकटेच गेले होते स्टुडिओत?"

"एकटे कशाला," गिरिजाबाई म्हणाल्या. "देवा व्हता की संगं. दहा-अकरा सालाचा. ह्यांचं बोट धरून गेल्ता."

रूपालीनं दादाकडे बघितलं. दादा झाडाच्या सालीवर नखानं काहीतरी कोरत होता. गेल्या चाळीस वर्षांत दोघं किती वेळा भांडले असतील. रेडिओवरून, सायकलवरून, आईनं कुणाकडे राहावं यावरून. प्रत्येक भांडणात ती शेवटी म्हणायची, बाबा माझ्यासारखे होते, तुझ्यासारखे नव्हते, आणि दादा गप्प बसायचा. पेन कुणाला द्यायचं ठरलं त्या दिवशीही गप्प बसला होता. एक वाक्य बोलला असता तर पेन त्याचं होतं. आणि आज सकाळपासून त्यानं ऊन काढलं, भजे काढले, भलंमोठं झाड तोडलं, दगडी कमान हलवली, पण ते वाक्य काढलं नाही.

"दादा, तुला माहीत होतं."

"मला काय माहीत? मी पायरीवर पेरू खात बसल्तो."

"अन् झाड तोडलं म्हणालास ते?"

"अंदाज व्हता माझा," दादा म्हणाला. "चुकला."

एवढं बोलून त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि संपतला उगाचच लॅमिनेशनचे भाव विचारले. संपतनं ते अगदी तपशिलानं सांगितले.

रूपाली उठली. डोळे पुसून तिनं पर्समधून बाबांचं पेन काढलं आणि दादापुढे धरलं. खुर्चीत तूच बस म्हणाली, अक्षर तुझं आहे, हातही तुझाच निघाला. आपलं गुपित फुटल्यानं दादा आधीच अवघडला होता, आता तर तो चार पावलं मागे सरकला. मला चष्मा लागतो म्हणाला, पाठ दुखते म्हणाला, माझं पोट टेबलात मावायचं न्हाई म्हणाला. ती ऐकेना. तो ऐकेना. ज्या खुर्चीसाठी सकाळपासून तोंडं वाकडी झाली होती, ती रिकामीच राहिली, आणि तेवढ्यात एक म्हातारा खरोखरच अर्ज लिहून घ्यायला म्हणून स्टुलाकडे आला. त्याला संपतनं बाजूला नेलं.

"बसा गं कुणीतरी," गिरिजाबाई म्हणाल्या. "माझी दुपारची गोळी घ्यायची राह्यली."

मग दादानं रूपालीला दंडाला धरलं आणि खुर्चीत बसवलं. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवायचा तसं. पेन तिच्या हातात होतंच. संपतनं एक कोरा कागद आणून ठेवला. ती वाकली आणि डाव्या हातानं लिहायला लागली. अर्ज कसा सुरू करायचा ते तिला बाबांच्या टेबलाशेजारी बसून बसून पाठ होतं. अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, राहणार, तालुका, जिल्हा. बापाच्या नावापाशी ती जरा थांबली, तेव्हा पायलनं फोटो काढला.

फोटो चांगला आला. पायलनं तो जुन्या फोटोशेजारी लावून बघितला, मग अडखळली.

"आत्या, एक प्रश्न आहे. आपल्या भिंतीवरच्या फोटोत झाड उजवीकडे आहे. ह्यात डावीकडे आलंय. जुळवायचं तर हा नवासुद्धा मला उलटा करावा लागेल." ती घुटमळली. "पण मग तू उजव्या हातानं लिहिताना दिसशील. किंवा बाबाआजोबांचा जुना सुलटा करून घेऊ, म्हणजे ते उजव्या हातानं."

रूपालीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी दादा बोलला. तो लेकीच्या मागे येऊन उभा राहिला होता आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्ही फोटो बघत होता.

"काहीच उलटंसुलटं करायचं न्हाई," तो म्हणाला. "हायेत तसेच लाव. झाड न्हाई जुळलं तर न्हाई जुळलं. हात जुळून राह्यलाय ना."